दिवाळीचा किल्ला: डोंगर आधी, तट नंतर

मातीचे बहुतेक किल्ले एकाच चुकीने फसतात. विटांचा ढीग रचायचा, त्यावर माती थापायची, माथ्यावर सिंहासन ठेवायचं आणि मग तट, दरवाजा, पायऱ्या उरलेल्या जागेत मावतील तशा बसवायच्या. असा किल्ला वारुळासारखा दिसतो. सह्याद्रीतले गड या क्रमाने झालेले नाहीत. तिथे डोंगर होताच. बांधणाऱ्यांनी कडा कुठे तुटतो, पाणी कुठे लागतं, वाट कुठून चढते ते आधी पाहिलं, आणि डोंगराने स्वतः राखण केली नव्हती तेवढ्याच ठिकाणी तट घातला. मुलांनीही हाच क्रम धरला तर चार फुटांच्या जागेत गड उभा राहतो, आणि माची (माथ्याखालची तटबंद सपाटी), बालेकिल्ला (गडाचा सगळ्यात उंच भाग), जंग्या (बंदुकीसाठी तटातली भोकं), चोरदिंडी (लपवलेलं छोटं दार) हे शब्द त्यांच्या हाताखालून जातात.

पुणे, सातारा, कोल्हापूर, कोकण, मुंबईच्या चाळी, बेळगाव अशा मोठ्या पट्ट्यात दिवाळीचा किल्ला होतो. शेजारच्या गोव्यात त्याच दिवसांत पोरं नरकासुराच्या सांगाड्यावर कागद चिकटवत असतात. किल्ल्याला हे दिवस सोयीचेही असतात. पाऊस ओसरलेला, माती अजून ओली आणि मऊ, सहामाही परीक्षा संपलेली. फक्त परीक्षा आणि वसुबारस यांच्यात दिवस थोडे असतात, म्हणून आधी दिवसांचा हिशेब करा.

उलटं मोजायला वसुबारसेपासून सुरुवात

किल्ल्यावरची हिरवळ उगवायला वेळ लागतो आणि त्यात घाई चालत नाही. वसुबारसेला किल्ला हिरवा दिसायला हवा असेल तर पेरणी किमान सात दिवस आधी झाली पाहिजे. त्याआधी मातीचे दोन थर वाळायला दोन दिवस आणि डोंगर रचायला एक दिवस लागतो. म्हणजे वसुबारसेच्या आधी दहा दिवस हातात हवेत. परीक्षा उशिरा संपत असेल तर डोंगर आणि मातीचा पहिला थर आदल्या रविवारी मोठ्यांच्या मदतीने उरकून घ्यावा. मावळे आणि तोफा मात्र कधीही करता येतात, परीक्षेच्या आधीच्या रिकाम्या संध्याकाळीसुद्धा.

गड कोणता करायचा ते पहिल्याच दिवशी ठरवा आणि त्याचा नकाशा समोर ठेवा. ‘कुठला तरी किल्ला’ म्हटलं की पुन्हा वारूळच होतं. नवशिक्यांसाठी राजगड सर्वांत चांगला, कारण त्याचा आकार लांबूनही ओळखू येतो. मधे उंच बालेकिल्ला आणि त्याच्याभोवती तीन बाजूंना पसरलेल्या तीन माच्या: पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी. मुरुंबदेवाच्या डोंगरावर शिवरायांनी तो बांधला आणि रायगडाच्या आधी राजधानी इथेच होती. जागा चौकोनी असेल, माथ्यावर दरबार मांडायचा असेल तर रायगड घ्या. ६ जून १६७४ चा राज्याभिषेक तिथला, त्यामुळे सिंहासन शोभतं तेही तिथेच. प्रतापगड करणाऱ्यांनी पायथ्याशी मोकळी जागा सोडावी, कारण १० नोव्हेंबर १६५९ ची अफजलखानाची भेट गडाच्या खाली शामियान्यात झाली, माथ्यावर नव्हे. परातभर पाणी मांडायची हौस असेल तर मालवणचा सिंधुदुर्ग आहे. १६६४ साली त्याचं काम सुरू झालं. त्याचा तट बेटाच्या कडेकडेने वळणं घेत जातो आणि दरवाजा दोन बुरुजांच्या आड इतका लपलेला आहे की जवळ जाईपर्यंत दिसत नाही. जंजिरा पुष्कळ मुलं करतात. करायला हरकत नाही, पण तो सिद्दीकडे होता आणि महाराजांना तो घेता आला नाही. त्याच्यावर भगवा लावण्याआधी एवढं माहीत असावं.

२०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलेल्या बारा किल्ल्यांत राजगड, रायगड, प्रतापगड आणि सिंधुदुर्ग हे चारही आहेत. त्या बारांतले अकरा महाराष्ट्रात आणि एक, जिंजी, तमिळनाडूत. मोठा गट असेल तर दर वर्षी यादीतला एक गड घ्यावा. साल्हेर, लोहगड, खांदेरी, सुवर्णदुर्ग हे फारसे कुणी करत नाही.

गडाचा कारभार

सात-आठ मुलं एकत्र आली की मातीपेक्षा भांडणं जास्त होतात. यावर उपाय जुन्या कारभारातच आहे. शिवकाळात गडावर सगळं एका माणसाच्या हाती नसे. हवालदाराकडे गडाच्या किल्ल्या, सबनिसाकडे हजेरी आणि हिशेब, कारखानिसाकडे धान्य आणि सामानसुमान, सरनोबताकडे पहारा. तीच वाटणी करा. हवालदार नकाशा धरतो आणि अडलं तिथे निर्णय देतो. सबनीस वर्गणी आणि खर्च वहीत लिहितो. कारखानीस माती, पाणी, बी, मावळे सांभाळतो. सरनोबत रात्री किल्ला झाकतो आणि मांजर, कुत्रं, लहान भावंडं यांच्यापासून जपतो. दर दोन दिवसांनी कामं बदलावीत, म्हणजे सगळ्यात धाकट्यालाही एकदा हवालदारी मिळते.

डोंगर

चार फूट लांब, तीन फूट रुंद आणि दोन फूट उंच डोंगराला ३५ ते ४० विटा किंवा तेवढ्याच आकाराचे दगड, चार-पाच गोणपाटाची पोती आणि सहा ते आठ घमेली माती लागते. माती भिजल्यावर हा सगळा ऐवज सव्वादोनशे-अडीचशे किलोंच्या घरात जातो, म्हणून तो अंगणात किंवा तळमजल्याच्या पार्किंगमध्येच करावा. गॅलरीत करायचा असेल तर त्याची रीत खाली दिली आहे. फरशी खराब होऊ नये म्हणून खाली ताडपत्री घाला आणि तिच्या कडा विटेने थोड्या उचललेल्या ठेवा, म्हणजे लाल पाणी शेजाऱ्यांच्या दारात जाणार नाही.

विटा रचताना सह्याद्री डोळ्यांपुढे ठेवा. हा डोंगर लाव्हाच्या थरांवर थर साचून झाला आहे. कठीण थर उभे कातळकडे झाले, मधले मऊ थर झिजून उतार झाले. त्यामुळे आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात: उतार, कडा, पुन्हा उतार, पुन्हा कडा आणि वर सपाटी. विटांचा प्रत्येक थर खालच्यापेक्षा तीन-चार बोटं आत घेतला की हा आकार आपोआप येतो. राजगडासाठी तीन माच्यांच्या तीन सोंडा आधी रचा आणि मगच मधला बालेकिल्ला उचला. बालेकिल्ला माच्यांपेक्षा किमान सहा इंच उंच हवा, नाहीतर माती चढल्यावर सगळं एका पातळीत बुडून जातं.

गुहा आणि भुयार आत्ताच ठेवायचे. ओल्या मातीत बोटाने पोखरलेली गुहा वाळताना हमखास बसते. अर्धी करवंटी आडवी, तोंड बाहेर करून विटांच्या खाचेत बसवली की वाघाची गुहा झाली. भुयाराला दोन इंची पाइपचा तुकडा पुरतो. सुवेळा माचीच्या कड्याला आरपार भोक आहे, त्याला नेढं म्हणतात. ते दाखवायला बांगडी उभी रोवून तिच्याभोवती माती लिंपायची.

रचलेल्या विटांवर पोती पसरा, पण आधी ती पाण्यात पूर्ण भिजवून पिळून घ्या. कोरडं पोतं मातीतलं पाणी शोषून घेतं आणि दुसऱ्या दिवशी मातीची पोपडी सुटते. खताची प्लास्टिकची पोती घेऊ नयेत, त्यांच्यावरून ओली माती घसरते. पोत्याच्या घड्या मुद्दाम ठेवाव्यात. त्यांच्याच पुढे घळी आणि ओढे होतात.

माती कशी मळायची

किल्ल्याचं अर्धं यश इथे ठरतं. देशावरची काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते, त्यामुळे एकट्या काळ्या मातीच्या किल्ल्याला दुसऱ्या दिवशी बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यात एक तृतीयांश वाळू किंवा बारीक मुरूम मिसळा. कोकणातली तांबडी माती उलट, पुष्कळदा भुसभुशीत असते आणि धरून राहत नाही. तिच्यात चौथा हिस्सा कुंभारमाती किंवा दर घमेल्याला दोन ओंजळी शेण घालावं. कोणत्याही मातीत दर घमेल्याला दोन मुठी बारीक चिरलेला पेंढा किंवा भाताचं तूस हवंच. वाळताना माती आकसते तेव्हा काड्या तिला ताणून धरतात. भिंती लिंपणाऱ्यांची ही जुनी रीत आहे.

माती चाळून खडे काढा, पाणी घालून एक रात्र तशीच मुरू द्या आणि सकाळी पायाने तुडवा. मुलांना हे काम सगळ्यात आवडतं, तेव्हा घाई करू नये. मग बोटाएवढी जाड वळी करून ती बोटाभोवती वळवा. तुटली तर वाळू जास्त झाली, तळव्याला चिकटून बसली तर चिकणमाती किंवा पाणी जास्त झालं. लिंबाएवढा गोळा कमरेइतक्या उंचीवरून टाकला तर तो थोडा चपटा व्हावा. फुटला तर कोरडा, पसरला तर पातळ.

पहिला थर दीड इंचाचा, खडबडीत, खालून वर लावत नेलेला. हाताने थापण्यापेक्षा गोळे पोत्यावर फेकून मारले तर ते विणीत शिरतात आणि घट्ट बसतात. रात्रभर सावलीत राहू द्या. सकाळी बारीक भेगा दिसतील, त्या दिसायलाच हव्यात. त्यांच्यावर पाणी शिंपडून अर्ध्या इंचाचा दुसरा थर मऊ मातीचा द्या. एकदम दोन-अडीच इंच माती चढवली तर वरचा भाग वाळतो, आतला ओला राहतो आणि अख्खी कड सोलून खाली येते. तीच गत भर उन्हात वाळवणाऱ्यांची होते.

दुसरा थर ओला असतानाच कड्यांवर जुन्या सुरीने किंवा पट्टीच्या कडेने उभे ओरखडे ओढा आणि मधेमधे चपटे काळे दगड खोचा. रंग फार नको. कोळशाची पूड आणि राख पाण्यात कालवून फक्त कातळावर, पातळ गेरू उतारांवर, बाकी माती स्वतःच्या रंगाची. तैलरंगाचा हिरवा डोंगर दोन पावलांवरून खोटा वाटतो, आणि त्याच्यावर काही उगवतही नाही.

गॅलरीसाठी दुसरी रीत. पाटावर किंवा जुन्या टेबलावर पुठ्ठ्याची खोकी चिकटपट्टीने पक्की करा. मातीचा खिरीसारखा पातळ चिखल करून त्यात जुनी सुती साडी बुडवा, हलकी पिळा आणि खोक्यांवर चुण्या पाडत टाका. वाळली की दुसरं कापड तसंच. वरून अर्धा इंच माती. असा किल्ला दोन माणसांना उचलता येतो आणि परदेशातल्या थंडीत घराच्या आतही करता येतो. पाणी मात्र इथे अगदी बेताने शिंपडावं, नाहीतर खोकी भिजून मधूनच खचतात.

पाणी, वाट, दरवाजा, तट: याच क्रमाने

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात गड कसा बांधावा ते लिहून ठेवलं आहे. आधी पाणी पाहावं, ते नसेल आणि जागा सोडता येत नसेल तर खडक फोडून टाकी करावीत. गडाला एकच दरवाजा असणं हा दोष, म्हणून चोरवाटा आणि दिंड्या असाव्यात. शेजारी गडापेक्षा वरचढ टेकडी ठेवू नये. ही तिन्ही सूत्रं मातीच्या किल्ल्यालाही लागू आहेत, म्हणून इथून पुढे त्यांचाच धागा धरा.

टाकं माथ्यावर किंवा माचीवर खणा आणि खणलेली माती तटासाठी बाजूला ठेवा. खऱ्या गडांवरही टाक्यासाठी फोडलेला दगडच तटाला लागला आहे, म्हणजे एकाच कामात पाण्याची आणि भिंतीची दोन्ही सोय. टाक्यात बरणीचं झाकण किंवा वाटी काठापर्यंत पुरा आणि काठावर माती ओढून घ्या. नुसत्या मातीत पाणी सोडलं तर ते आत मुरतं आणि टाक्याखालचा कडा दुसऱ्या दिवशी ढासळतो. राजगड असेल तर पद्मावती माचीवर मोठा तलाव आणि बालेकिल्ल्यावर चंद्रतळं, दोन्ही दाखवावेत. धबधबा किंवा कारंजं हवं असेल तर औषधांच्या दुकानातून सलाईनची नवी नळी आणा. पाण्याची बाटली किल्ल्यापेक्षा दोन-तीन फूट उंच टांगा, नळीचं चाक अगदी थोडं उघडा आणि पडणारं पाणी खाली ताटलीत घ्या.

वाट पायथ्याच्या गावातून निघते. राजगडाला गुंजवणे, पाली ही गावं लिहा, दोन-दोन घरं मांडा. वाट एक बोट रुंद, उतारावरून तिरकी चढणारी. कड्यावर सरळ शिडीसारख्या पायऱ्या काढू नका. काडेपेटीची काडी आडवी दाबत गेलं की पायऱ्या उमटतात. मग दोन बोटांनी ती वाट चालून पाहावी. जिथे बोटं अडकतात तिथे मावळाही अडकेल.

दरवाजा हा गडाच्या बुद्धीचा भाग, म्हणून त्यावर सर्वांत जास्त वेळ द्या. शिवकालीन गडांवर गोमुखी बांधणीचे दरवाजे दिसतात. दोन बुरूज पुढे काढून त्यांच्यामधली वाट वळवलेली, त्यामुळे खालून दरवाजा दिसत नाही, त्याच्यावर तोफ रोखता येत नाही आणि हत्तीला धडक द्यायला सरळ धाव मिळत नाही. रायगडाचा महादरवाजा असाच आहे. मातीत हे करायला दोन बुरूज एकमेकांपुढे थोडे सरकवून उभे करा, मधे दोन बोटांची वळणदार फट ठेवा. परीक्षा सोपी: गाल जमिनीला टेकवून पायथ्यापासून पाहायचं. दारं दिसली तर बुरूज अजून वळवा. कमानीला पुठ्ठ्याची पट्टी वाकवून आधार द्या, दारांना आइस्क्रीमच्या काड्या, आणि एका दारात माणूस वाकून जाईल एवढी छोटी दिंडी कापा. उलट्या बाजूला झुडपाआड एक चोरदिंडीही ठेवा.

बुरुजांसाठी स्टीलचं फुलपात्र किंवा निमुळता पेला घ्या. आतून कोरडी राख भुरभुरवा, माती दाबून भरा आणि पालथा करून टिचकी मारा. राख विसरलात तर माती आतच चिकटते. तळाशी रुंद, वर निमुळता असा बुरूज मिळतो. तट दीड बोट जाड, दोन बोटं उंच. जिथे तो डोंगराला टेकतो तिथे ओरखडून, पातळ चिखल लावून मगच बसवा, नाहीतर वाळल्यावर तो अलगद हातात येतो. चर्या, म्हणजे तटाच्या माथ्यावरचे कंगोरे, लगेच कापू नयेत. बोट दाबल्यावर ठसा उमटतो पण माती बोटाला लागत नाही, अशी अवस्था आली की पट्टीने कापा आणि खराट्याच्या काडीने जंग्या पाडा. काडी आतून बाहेर, खालच्या बाजूला तिरकी घालायची, कारण बंदुकीचा नेम खाली चढून येणाऱ्यावर धरायचा असतो. संजीवनी माचीला दुहेरी तट आहे. बाहेरचा पडला तरी आतला लढता राहतो. दोन भिंतींत एक बोट जागा सोडली की तेवढ्याने राजगड ओळखू येतो.

आता आत काय ठेवायचं? अंबारखाना धान्यासाठी, दारूकोठार वस्तीपासून लांब एका टोकाला, सदर, म्हणजे कारभाराची बैठक, मोक्याच्या जागी, एक देऊळ. एवढं पुरे. दहा-बारा घरं, बाग आणि विमानतळ हे सगळं कोंबलेलं पाहिलं की मुलांचा उत्साह कळतो, पण गड हरवतो.

हिरवळ

हळीव, मोहरी, नाचणी ही तीन बियाणी. प्रत्येकी ५० ते १०० ग्रॅम पुरतात. किराणा दुकानातलंच घ्या, फक्त भाजलेलं नको. गहू टाळावा, आठवड्यात तो वीतभर वाढतो आणि तट झाकून टाकतो.

उभ्या उतारांसाठी हळीव. अर्धा तास पाण्यात ठेवलं की त्याला बुळबुळीत चीक सुटतो. त्यात मूठभर चाळलेली माती कालवून ते बोटाने उतारावर लिंपा. चिकामुळे बी घसरत नाही. ते दीड-दोन दिवसांत फुटतं आणि पाच-सहा दिवसांत बोटभर होतं. मोहरी रात्रभर फडक्यात बांधून भिजवा आणि सपाट जागी, घळींत पेरा. नाचणीला चार-पाच दिवस जास्त द्यावे लागतात, म्हणून ती सगळ्यात आधी, पायथ्याच्या खाचरांत दाट टाका. भाताच्या रोपांसारखी दिसते.

पहिले दोन दिवस पेरलेल्या भागावर ओलं फडकं टाकून ठेवा. मुंग्या आणि चिमण्या बी उचलून नेतात, फडक्याखाली ते वाचतं आणि ओलही टिकते. कोंब दिसले की फडकं त्याच दिवशी काढायचं, नाहीतर रोपं पिवळी, लांबुडकी होऊन आडवी पडतात. पाणी सकाळ-संध्याकाळ, ओंजळीने शिंपडून किंवा झाकणाला सुईने भोकं पाडलेल्या बाटलीने. तांब्याने ओतलं की सगळं बी पायथ्याशी जमतं आणि माथा टकला राहतो. तट, दरवाजा आणि वाट यांच्यावर बी पडू देऊ नका, मुळं तिथली माती फोडतात. परतीचा पाऊस आला तर ताडपत्री काठ्यांवर ताणावी. थेट किल्ल्यावर टाकलेली ताडपत्री पाणी भरून त्यालाच दाबते.

मावळे

दिवाळीच्या आधी बाजारात साच्यातले मावळे मिळतात. पुण्यात त्यासाठी कुंभारवाड्याकडे पावलं वळतात. त्यांतले निवडक घ्या आणि बाकीचे घरी करा. लिंबाएवढा शाडूचा गोळा अंगाला, सुपारीएवढा डोक्याला. मधे काडेपेटीच्या काडीचा सांधा दिला तर वाळताना मान तुटत नाही. पाय वेगळे करू नका, धोतराचा घोळ म्हणून खाली रुंद बैठक ठेवा, म्हणजे मावळा उभा राहतो. भाल्याला खराट्याची काडी ओली असतानाच खोचा. पागोटं म्हणजे मातीची बारीक वळी दोनदा गुंडाळलेली. तीन दिवस सावलीत वाळवून मग रंग द्या.

मांडताना मोठ्या मूर्ती पायथ्याशी, मध्यम माचीवर आणि सगळ्यात लहान माथ्यावर. वर जाताना आकार लहान होत गेले की दोन फुटांचा डोंगर खूप उंच वाटतो. याच नियमाने मोठ्या सिंहासनाची अडचण होते. महाराजांची मूर्ती सहसा मोठी असते, ती बालेकिल्ल्यावर ठेवली की बालेकिल्ला खुजा दिसतो. त्यापेक्षा किल्ल्याच्या पुढे वेगळा चौथरा करून तिला मानाची जागा द्यावी. पहारेकऱ्यांची तोंडं बाहेर, तोफा बुरुजांवर आणि रोख वाटेवर. दारूकोठाराजवळ पणती नको, हे मुलांनी स्वतः ओळखलं तर सरनोबताची हुशारी.

आणि मग खेळा. मांडून फक्त पाहायचा असेल तर तो देखावा झाला. रायगडावर सूर्यास्ताला दरवाजे बंद होत आणि त्यामुळे हिरकणी गवळण बाळाच्या ओढीने कडा उतरून गेली, अशी आख्यायिका आहे. तोच नियम लावा: पणत्या लागल्या की दिंडी बंद, त्यानंतर कोणताही मावळा वाटेने आत येणार नाही. चोरदिंडी कुठे आहे ते फक्त हवालदाराला ठाऊक. दुसऱ्या आळीची मुलं पाहायला आली की त्यांनी दरवाजा शोधायचा आणि यजमानांनी प्रत्येक जागेचं नाव सांगायचं. ज्याला नाव सांगता येत नाही ती वस्तू किल्ल्यावरून काढायची, असा नियम केला की पोरं नकाशा पुन्हा उघडतात.

दिवे आणि उतरवणं

पणत्या सपाट जागीच, पोत्याच्या उघड्या कडेपासून आणि वाळलेल्या पेंढ्यापासून वीतभर लांब. विजेची माळ ओल्या मातीत पुरू नये. सेलवर चालणारे छोटे दिवे घ्या आणि पाणी शिंपडताना तेही काढा. प्रकाश माथ्यावरून ओतण्यापेक्षा बुरुजाच्या मागे, गुहेत, दरवाजाच्या आत एकेक दिवा लपवला तर तटाच्या सावल्या पडतात आणि रात्री किल्ला दुप्पट खोल दिसतो.

किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत राहतो. काही ठिकाणी शेवटी सुतळी बॉम्ब लावून तो उडवतात. तसं करू नये. आतल्या विटांचे तुकडे अंगावर येतात, आणि दहा दिवस ज्यांनी हाताने तट लिंपला त्यांच्याच हातून तो फोडवणं बरं नाही. उतरवायचा क्रम असा: मूर्ती, दारं, वाट्या आधी काढा, मूर्ती पुसून वर्तमानपत्रात गुंडाळून ‘किल्ला’ लिहिलेल्या खोक्यात ठेवा. मग दोन दिवस पाणी बंद. वाळलेली माती पोत्यासकट ढेकळांनी सुटते. कोळसा आणि गेरू लागलेली वरची पापडी वेगळी करा, उरलेली पेंढ्याची माती रोपांच्या मुळांसकट तुळशीवृंदावनात आणि कुंड्यांत घाला, पोती धुऊन वाळवा, विटा मोजून परत द्या. सबनिसाच्या वहीत किती घमेली माती लागली, कुठली कड ढासळली, कुठलं बी उगवलं नाही ते त्याच दिवशी लिहून ठेवा आणि वही त्याच खोक्यात टाका.